श्वास मोजणारे मणी

पालघर जिल्ह्यात, मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्याच्या एखाद्या पाड्यावर बाळ जन्मलं की गावच्या आरोग्य कार्यकर्तीची, आशाताईची, पावलं त्या घराकडे वळतात. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी; घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीसुद्धा. पिशवीत थर्मामीटर, झोळीचा वजनकाटा आणि सेकंद दाखवणारं घड्याळ. ती हात धुते, आईच्या मांडीवरच्या बाळाचं अंगडं वर सरकवते आणि त्याच्या पोटाकडे टक लावून बसते. पोट वर आलं की एक. खाली जाऊन पुन्हा वर आलं की दोन. असं पूर्ण एक मिनिट. मधेच बाळ रडलं तर मोजणी सोडून द्यायची, ते शांत झालं की पुन्हा पहिल्यापासून. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर आणखी एकदा मोजायचं.

या मोजणीला औषध लागत नाही, यंत्र लागत नाही. पण ती मोखाड्याच्या डोंगरावर पोचायला फार मोठा काळ लागला, आणि त्या काळात बरीच लेकरं गेली. तिची पाळंमुळं शोधायची तर फुप्फुसाच्या रोगांवरच्या वैद्यकीय चाचण्यांच्या इतिहासात शिरावं लागतं.

आज ज्याला ‘क्लिनिकल ट्रायल’ म्हणतात, त्या पद्धतीची आधुनिक सुरुवातच फुप्फुसापासून झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं नवं औषध अगदी थोडं उपलब्ध होतं. सगळ्यांना पुरणार नव्हतंच. तेव्हा ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञानं आखणी केली: कोणाला औषध मिळणार हे डॉक्टरनं नाही, बंद पाकिटातल्या चिठ्ठीनं ठरवायचं. 107 रुग्णांपैकी 55 जणांना औषध आणि विश्रांती मिळाली, 52 जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांनी पहिल्या गटात 4 मृत्यू होते, दुसऱ्यात 14. हा निबंध 1948 च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाला आणि उपचार पारखायची जगाची रीत बदलली.

पण औषध सापडलं म्हणून ते गरिबाच्या घरी पोचत नाही. त्या काळी क्षयरोग्याला थंड हवेच्या सॅनेटोरियममध्ये धाडत. मराठी घरांतून पाचगणीचं, मिरजेचं नाव दबक्या आवाजात घेतलं जाई. खाट, दूध, अंडी, महिनोन्‌महिने पडून राहणं. पोशेऱ्यातल्या वारली किंवा कातकरी माणसाला हे कुठून परवडणार? नागली पेरायची तर पावसाळ्यात शेतात उभं राहावं लागतं आणि दिवाळीनंतर पोटासाठी वीटभट्टीवर जावं लागतं.

या प्रश्नाला मद्रासनं उत्तर दिलं. 1956 मध्ये चेटपेटला उघडलेल्या केंद्रात वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातल्या गरीब वस्त्यांमधले 193 क्षयरोगी घेतले. चिठ्ठीनं ठरल्याप्रमाणे निम्मे सॅनेटोरियममध्ये गेले, निम्म्यांनी आपल्याच खोलीत राहून वर्षभर आयसोनियाझिड आणि पास या गोळ्या घेतल्या. घरच्या गटाला जेवण कमी, विश्रांती कमी, खोलीत दाटी. तरी वर्षअखेरीस दोन्ही गटांचे निकाल जवळजवळ सारखेच आले. घरातल्या इतर माणसांना लागण होण्याचं प्रमाणही घरी उपचार घेतल्यानं वाढलेलं दिसलं नाही. 1959 मध्ये हा अहवाल छापून आला आणि सॅनेटोरियमचं युग ओसरू लागलं. आज मोखाड्यातला क्षयरोगी आपल्या घरी राहून गोळ्या घेतो, त्याची वाट त्या चाचणीनं मोकळी केली. रोग्याला उपचारापाशी नेण्याऐवजी उपचार रोग्याच्या घरात न्यायचा, ही या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणावी लागेल.

तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांपर्यंत ती गोष्ट पोचली महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला.

गडचिरोली जिल्हा 1982 मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. गावांतले बालमृत्यू मोजायला घेतले, तेव्हा पहिल्याच फळीतला मारेकरी म्हणून न्यूमोनिया समोर आला. विदर्भात खेडोपाडी त्याला ‘डब्बा’ म्हणतात. बाळाचं पोट भात्यासारखं उडू लागतं, बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाते. आयांना ही लक्षणं नीट ठाऊक होती. औषधही होतं, कोट्रायमोक्साझोल नावाचं, स्वस्त आणि जुनं. अडायचं ते दोहोंच्या मधल्या अंतरापाशी. दवाखाना लांब, डॉक्टर त्याहून लांब, आणि न्यूमोनिया तान्ह्या बाळाला दोन-तीन दिवसांचीही सवड देत नाही.

स्टेथोस्कोपवाचून न्यूमोनिया ओळखता येतो का, यावर पापुआ न्यू गिनीत फ्रँक शॅन यांनी आधी काम केलं होतं. खोकला असलेल्या मुलाचा श्वास मिनिटाला पन्नासाच्या वर गेला तर न्यूमोनियाची शक्यता मोठी, हे त्यांनी 1984 च्या सुमारास मांडलं. छातीला नळी लावायची गरज नव्हती, मोजता यायला हवं होतं.

गडचिरोलीतल्या अनेक सुईणींना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपणं केलेल्या, बाळाच्या रंगावरून आणि रडण्यावरून पुष्कळ काही ओळखणाऱ्या या बायका. दहापर्यंतचं त्यांना चांगलं येई. मग त्यांच्यासाठी एक साधन बनलं. एका पाटीवर मिनिटभराची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेल्या मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी पाच हिरवे मणी आणि सहावा लाल. त्याहून मोठ्या मुलासाठी चार हिरवे आणि पाचवा लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली, तर तो न्यूमोनिया. सुईणीला साठ हा आकडा माहीत असायची गरजच उरली नाही, तो मण्यांत ओवला गेला. प्रयोगशाळेतल्या कुठल्याही उपकरणाइतकाच मान या पाटीला द्यायला हवा. तिला ज्या हातांत जायचं होतं, ते हात ओळखून ती घडवली होती.

चाचणीची मांडणी अशी होती. 58 गावांतल्या 6,176 मुलांसाठी निमवैद्यकीय कर्मचारी, गावातले आरोग्यसेवक आणि सुईणी यांना न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. लोकांनाही लक्षणं समजावून सांगितली. शेजारच्या 44 गावांत 3,947 मुलं होती. तिथे नेहमीची व्यवस्था चालू राहिली, फक्त नोंद ठेवली गेली. वर्षाअखेरीस न्यूमोनियानं होणारे मृत्यू पहिल्या गावांत पाच वर्षांखालच्या हजार मुलांमागे 8.1 होते, दुसऱ्या गावांत 17.5. अर्भकमृत्यूचा दर एकीकडे 89, दुसरीकडे 121. न्यूमोनिया झालेल्या मुलांपैकी तुलनेच्या गावांत शंभरातली साडेतेरा दगावली. उपचार मिळालेल्यांत शंभराला एकसुद्धा नाही, 0.8. एक मूल वाचवायला लागलेल्या औषधाची किंमत 2 डॉलर 64 सेंट, म्हणजे तेव्हाच्या दरानं पन्नास रुपयांच्या आत. 1990 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं हे प्रसिद्ध केलं.

त्या 44 गावांपाशी थांबायला हवं. चाचणी म्हटलं की तुलना आली, आणि तुलना म्हटली की कोणाच्या तरी अंगणात फक्त वही पोचते. तिथले मृत्यू चाचणीनं घडवलेले नव्हते, ते आधीपासून होतच होते. पण मोजले गेल्यावाचून ते सरकारदरबारी कधी दिसलेही नसते. त्या साडेतेरा टक्क्यांतली लेकरं पुढच्या सगळ्या कार्यक्रमांचा पाया आहेत. त्यांचा हिशेब कृतज्ञतेनंच ठेवायला हवा.

आदिवासींवरच्या चाचण्या सगळीकडे अशा जपून झाल्या नाहीत. 2009-10 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस मुलींना टोचली गेली. वसतिगृहातल्या अनेक मुलींच्या संमतिपत्रावर आईबापाऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. गदारोळ झाला आणि तो प्रकल्प थांबवावा लागला. आश्रमशाळांचं जाळं असलेल्या जव्हार-मोखाड्यानं हे प्रकरण विसरू नये.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. 1990 मध्ये गडचिरोलीचा निकाल जगापुढे आला. 1992-93 मध्ये मोखाड्याशेजारच्या जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषित मुलं पटापट मेली आणि राज्य हादरलं. उपाशी मुलाचा अखेरचा घाव पुष्कळदा अतिसार किंवा न्यूमोनिया असतो. अंगात प्रतिकार उरलेला नसतो. पन्नास रुपयांच्या आतलं उत्तर याच राज्यात, मराठीतच, हाताशी होतं. ते जव्हारला आलं नव्हतं. सुईणीनं किंवा आरोग्यसेविकेनं प्रतिजैविक द्यायचं की नाही, यावर तज्ज्ञांची आणि खात्याची चर्चा वर्षानुवर्षं चालू राहिली.

दरम्यान पुरावा साठत होता. ‘सर्च’नं पुढे नवजात बाळांकडे मोर्चा वळवला. 39 गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत घरी जाऊन बाळाची देखभाल करू लागल्या आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. हे 1999 मध्ये प्रसिद्ध झालं. वेगवेगळ्या देशांतल्या नऊ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा गावपातळीवरच्या न्यूमोनिया उपचारानं पाच वर्षांखालचे एकूण मृत्यू 24 टक्क्यांनी घटतात, असं 2003 मध्ये दिसलं. 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं गावातल्या सेवकांनी न्यूमोनियावर उपचार करावेत, असं संयुक्तपणे जाहीर केलं. आशांनी घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासण्याची योजना देशभर आली 2011 मध्ये. लॅन्सेटच्या त्या पानानंतर एकवीस वर्षांनी.

एकवीस वर्षांत पोशेऱ्यातली मुलगी स्वतः आई होते.

2014 च्या ऑगस्टमध्ये ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, दोनच वर्षांनी बालमृत्यूंसाठी मोखाडा पुन्हा बातम्यांत आला. 2019 मध्ये केंद्रानं न्यूमोनियाविरुद्ध ‘सांस’ ही मोहीम काढली. तीत आशानं अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस देऊन मुलाला पुढे पाठवायचं ठरलं. पण ‘पुढे’ हा शब्द मोखाड्यात फार लांबचा आहे. ग्रामीण रुग्णालय तालुक्याला, त्यापुढे जव्हारचं कुटीर रुग्णालय, आणि तिथेही भागलं नाही तर नाशिकचा घाट. पावसाळ्यात काही पाड्यांवरून डांबरी रस्त्यापर्यंत रुग्णाला डोलीतून आणावं लागतं, तेव्हा कुठे 108 ची गाडी भेटते.

म्हणून आशाताई घाई करत नाही. चुलीच्या धुरानं काळवंडलेल्या खोलीत उजेड कमी असतो, तर ती आईला बाळ घेऊन दाराशी बसायला सांगते. दूध पिऊन बाळ निजलं की घड्याळ तळहातावर धरते आणि पोट पहिल्यांदा वर येण्याची वाट पाहते.