रिकाम्या खोल्या आणि माझा चुकलेला प्रश्न

एम.ए.ला नगरधोरण हा विषय घेतला तेव्हा माझ्या डोक्यातलं चित्र फार सोपं होतं. शहरात अडचण निर्माण होते, सरकार धोरण आखतं, ते जमतं किंवा फसतं. लघुप्रबंधाचा विषयही मी त्याच साच्यात बसवला होता: ‘मुंबईच्या बीडीडी चाळी : एक फसलेलं धोरण’. शीर्षकातच निष्कर्ष! पुढचं सगळं म्हणजे नुसते पुरावे जमवायचे, असं वाटत होतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा मुंबईतल्या गिरण्या जोरात होत्या आणि घरांची टंचाई भयंकर होती. 1911 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 9 लाख 79 हजार होती, 1921 मध्ये ती 11 लाख 75 हजारांवर गेली. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी 1920 मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. कामगारांसाठी 50,000 खोल्या बांधायच्या असं ठरलं आणि पैशासाठी शहरात येणाऱ्या कापसावर गाठीमागे एक रुपया कर बसवला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून 207 चाळी उभ्या राहिल्या, सुमारे 16,000 खोल्यांच्या. त्यातल्या 121 एकट्या वरळीत. खोली 160 चौरस फुटांची. (याच खात्याच्या बॅकबे भरावाचा घोळ एवढा गाजला की चाळींकडे अभ्यासकांचं लक्ष तुलनेनं कमीच गेलं.)

आणि मग या खोल्या, विशेषतः वरळीच्या, मोठ्या संख्येने रिकाम्या राहिल्या. त्याच सुमारास सरकारच्याच श्रम कार्यालयाची पाहणी सांगत होती की मुंबईतली 97 टक्के कामगार कुटुंबं एकेका खोलीत राहतात. एकीकडे माणसं कोंबलेली, दुसरीकडे नव्याकोऱ्या खोल्यांना कुलपं.

मी कारण दिलं : भाडं परवडत नव्हतं. ते खोटं नाही. पण मसुदा वाचून मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, “ज्यांनी ही खोली घेतली नाही, ते तेव्हा कुठे राहत होते? आणि तिथेच का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. चाळींबद्दल चाळीस पानं लिहिली होती, पण कामगाराच्या दिवसाबद्दल एक ओळ नव्हती.

तो दिवस शोधायला लागल्यावर प्रकरण उलगडत गेलं. गिरणीत बदलीवर असलेल्या माणसाला रोज सकाळी दारापाशी उभं राहावं लागे. जॉबरने बोलावलं तर काम, नाहीतर घरी. म्हणजे घर गिरणीपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर हवं. पगार होईपर्यंत उधार देणारा वाणी ओळखीचा हवा. एकट्या पुरुषाला खाणावळ हवी आणि आजारपणात बघायला गाववाले हवेत. गिरणगावातली कोंदट खोली म्हणजे या सगळ्या व्यवस्थेचं दार होतं. तेव्हाच्या वरळीत भिंती पक्क्या होत्या, पण बाजार नाही, येण्याजाण्याची सोय तोकडी. त्यात 1918 च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या चाळींची भाडी आवरून धरलेली. म्हणजे सरकारचा एक हात जुनं घर स्वस्त ठेवत होता आणि दुसरा महाग घर बांधत होता, असं माझं वाचन आहे. शिवाय गिरण्यांची भरभराटच ओसरली. 1924 आणि 1925 मध्ये मोठे संप झाले आणि 1931 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 11 लाख 61 हजारांवर उतरलेली दिसते. ज्या वाढीच्या भरवशावर आराखडा काढला, ती वाढच थांबली होती.

आता संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी कामाची गोष्ट. फोर्टातल्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. तिथे मी खात्याच्या फायली वाचत होते आणि नकळत खात्याच्याच नजरेने बघायला लागले होते. फायलीत खोली हा खर्च असतो, भाडेकरू ही वसुली असते आणि न आलेला माणूस म्हणजे ‘रिकामी’ या रकान्यातला आकडा. तो माणूस मला दुसरीकडे भेटला : 1921 पासून निघणाऱ्या लेबर गॅझेटमध्ये, कौटुंबिक खर्चाच्या पाहण्यांमध्ये, बर्नेट-हर्स्ट यांच्या 1925 च्या कामगार-वस्तीवरच्या पुस्तकात. हेही लिहिणारे साहेब लोकच, पण त्यांचे प्रश्न वेगळे होते. वाण्याची उधारी, सावकाराचं व्याज, ताटात काय पडतं हे त्यांनी विचारलं होतं. एकच फायल दहादा वाचण्यापेक्षा, वेगळा प्रश्न विचारणारा दुसरा कागद शोधा. माझा एक अख्खा उन्हाळा पहिल्या प्रकारात गेला.

आणखी एक अडचण राहिलीच होती : फसलं म्हणजे नेमकं कधी? 1926 मध्ये उभं राहून बघितलं तर धोरण साफ आपटलेलं दिसतं. 1930 मध्ये वरळीच्या चाळींचा उपयोग सत्याग्रहींसाठी तात्पुरता तुरुंग म्हणून झाला. तेव्हा तर थट्टाच वाटते. पण पुढे त्याच खोल्या भरल्या. गिरणी कामगार, पोलीस, सरकारी कर्मचारी, कोकणातून आणि घाटावरून आलेली कुटुंबं, मोठी बौद्ध वस्ती, जांबोरी मैदानावरच्या सभा, 1974 ची वरळीची दंगल. ज्या खोल्या कोणी घेत नव्हतं, त्या सोडायला तीन पिढ्यांनंतर लोक तयार होईनात. आता पुनर्विकासात 160 चौरस फुटांच्या जागी 500 चौरस फुटांचं घर मिळतंय. त्याचे आकडे वाचताना मी आधी देखभालीचा खर्च बघते, आणि घरातल्या बाईचं काम त्या जागेपासून किती लांब आहे ते विचारते.

लघुप्रबंधाच्या शीर्षकातला ‘फसलेलं’ हा शब्द मी सादर करायच्या आठवडाभर आधी काढला. मुखपृष्ठं छापून झाली होती. ती पुन्हा छापावी लागली.