जुना पेपर, म्हाताऱ्यांचं सांगणं आणि आपला मोबाइल : गावाची नोंद कशी जपाल?

वरोरा : सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. तालुक्यातल्या एका गावचे तीन जण माझ्या घरी आले. मी नुकताच तुरीच्या वावरातून परतलो होतो. त्यांना एक जुनी बातमी पाहिजे होती. गावच्या जंगलालगतच्या बोडीचं काम कधी झालं, कोणत्या खात्यानं केलं आणि गावानं ठराव कधी घेतला, हे सगळं त्या बातमीत होतं. बातमी मीच दिली होती एवढं पक्कं आठवत होतं. साल आठवत नव्हतं.

ज्या साप्ताहिकात ती छापून आली ते बंद पडलेलं. जागा खाली करताना जुन्या फाईली रद्दीत किलोनं गेल्या. माझ्याकडची कात्रणं लोखंडी पेटीत होती. पेटी उघडली तर खालचा अर्धा गठ्ठा वाळवीनं खाल्लेला. तिघं चहा पिऊन परत निघाले. त्यातला म्हातारा जाता जाता म्हणाला, "भाऊ, तुमच्यापाशीच नाही, त मंग कोनापाशी भेटन?"

त्याच्या प्रश्नाचं थोडंफार उत्तर आता माझ्याकडे आहे. ते सगळ्यांच्या कामी यावं म्हणून हा लेख.

डिजिटल संग्रह म्हणजे काय?

जुना पेपर, दस्तऐवज, फोटो किंवा माणसाचं बोलणं मोबाइल-कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं. त्यावर तारीख, गाव, विषय लिहायचा. एकापेक्षा जास्त ठिकाणी ठेवायचं आणि दहा वर्षांनी कोणी मागितलं तर पाच मिनिटांत सापडलं पाहिजे. एवढं झालं तर तो संग्रह.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकला म्हणजे कागद जपला, असं नाही. ग्रुपवर गेलेला फोटो लहान होतो, अक्षरं फुटतात. मोबाइल बदलला की तो जातो. राहिला तरी 'गुड मॉर्निंग'च्या हजार फोटोंत सापडत नाही.

आपल्या भागात याची गरज जास्त का?

पहिलं कारण वनहक्काचं. चंद्रपूर आणि गडचिरोली हे जंगलाचे जिल्हे. २००६ च्या वनहक्क कायद्यात दावा करताना पुरावा लागतो. कोणता पुरावा चालतो ते नियम १३ मध्ये दिलं आहे. ती यादी बऱ्याच जणांनी पूर्ण वाचलेली नसते. त्यात पुढील गोष्टी आहेत :

• गॅझेटिअर, जनगणना, बंदोबस्ताचे अहवाल, नकाशे, वनखात्याच्या कार्य आयोजना
• नामांकित संस्थांनी केलेला अभ्यास आणि रूढी-परंपरांची नोंद
• विहिरी, स्मशानभूमी, देवस्थानं अशा जुन्या खुणा
• जुन्या जमीन नोंदीतल्या माणसापर्यंत जाणारी वंशावळ
• दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचं लेखी उतरवलेलं निवेदन

म्हणजे जुनं पुस्तक, संशोधन आणि म्हाताऱ्या माणसाचं सांगणं, तिन्ही पुराव्यात बसतात. मात्र एकच पुरावा देऊन भागत नाही, एकापेक्षा जास्त जोडावे लागतात. २०१२ च्या दुरुस्तीनं हेही स्पष्ट केलं आहे की उपविभागीय किंवा जिल्हा समितीला अमुकच कागद आणा असा हट्ट धरता येत नाही.

आदिवासी सोडून इतर पारंपरिक वननिवासींना तर १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. हिशोब करा. गोष्ट १९३० पर्यंत मागे जाते. आज ८५ वर्षांचा असलेला माणूस १९४० च्या आसपास जन्मला. त्याला स्वतःचं लहानपण आठवतं आणि त्याच्या बापानं-आज्यानं सांगितलेलं आठवतं. तो गेला की १९३० ला हात लावणारा गावातला शेवटचा धागा तुटला. दर हिवाळ्यात, दर उन्हाळ्यात गावोगाव असे लोक जात आहेत.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. आपल्या जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये मिळाला. मेंढ्याचे अभ्यासगट तर कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून बसत होते. गावानं आपलं आपण शोधून, बोलून, लिहून ठेवायचं ही सवय त्यांना होती.

दुसरं कारण, गावं उठत आहेत. कोळसा खाणींसाठी उठली. ताडोब्यातून बोटेझरी, नवेगाव (रामदेगी) यांसारखी गावं बाहेर आली. घराचा मोबदला मिळतो. पण देव कुठं होता, गायरानाची वाट कुठून जायची, कोणत्या मोहाखाली पंचायत बसायची, याचा मोबदला कोणत्याच तक्त्यात नसतो. ते कोणी लिहून ठेवलं तरच राहतं.

आधीपासून काय काय ऑनलाइन आहे?

*गॅझेटिअर आणि जुने अहवाल :* चांदा जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटिअर १९०९ चं आहे. त्याच्या आधीचा मेजर लुसी स्मिथ यांचा जमीन बंदोबस्ताचा अहवाल १८६९ चा. १९०६ मध्ये बंद पडलेल्या वरोऱ्याच्या सरकारी कोळसा खाणीची माहितीही इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटिअरमध्ये सापडते. अशी जुनी पुस्तकं शोधायला महाराष्ट्र शासनाच्या गॅझेटिअर विभागाची वेबसाइट आणि 'इंटरनेट आर्काइव्ह' या दोन जागा आधी पाहाव्या. दोन्हीकडे पैसे लागत नाहीत.

शोधताना एक लक्षात ठेवा. 'चंद्रपूर' टाकून जुनं काही सापडणार नाही. जिल्ह्याचं नाव १९६४ पर्यंत चांदा होतं, म्हणून 'चांदा' हे नाव इंग्रजी अक्षरांत टाका. गडचिरोलीच्या वाचकांनीही तेच करावं, कारण तो जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. त्याआधीचं सगळं चांदा किंवा चंद्रपूरच्या नावाखाली आहे.

*संशोधन :* विद्यापीठांत पीएच.डी.साठी लिहिलेले प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर ठेवले जातात. आपल्या तालुक्याचं, जमातीचं किंवा बोलीचं नाव टाकून पाहा. तुमच्या गावात चार दिवस राहून गेलेल्या पोराचा प्रबंध तिथं निघू शकतो. झाडीबोलीवर डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आयुष्यभर काम केलं. ते नसतं तर ही बोली म्हणजे अशुद्ध मराठी, असंच शाळेत शिकवत राहिले असते.

*लोकांचा आवाज :* हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजारावर गावं आणि एक लाखाहून जास्त ओव्या झाल्या. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या आता वाचता-ऐकता येतात, मराठीतही. प्रत्येक ओवीखाली गाणारीचं आणि गावाचं नाव आहे. ज्या बायांचं नाव सातबाऱ्यावर कधी लागलं नाही, त्यांचं नाव तिथं लागलं.

पेपरचं काय?

१९५४ च्या कायद्यानं आणि १९५६ च्या दुरुस्तीनं वर्तमानपत्राचा प्रत्येक अंक कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय अशा ठरलेल्या ग्रंथालयांकडे पाठवायचा असतो. मोठे पेपर पाठवतात. तालुक्याच्या साप्ताहिकाला मात्र छपाईचा खर्चच निघत नाही, तिथं टपालखर्च कोण करणार? आणि आपल्या गावची बातमी असते त्याच साप्ताहिकात.

लहान पेपर म्हणजे कमी मोलाचा, असं समजू नका. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला निघाला आणि थोड्याच वर्षांत बंद पडला. ज्यांनी अंक सांभाळले त्यांच्यामुळं महाराष्ट्र शासनाला १९९० मध्ये 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' ग्रंथरूपात छापता आले. त्या काळी ते अंकही कोणाच्या तरी घरातली रद्दीच होती.

नियम १३ च्या यादीत पेपरच्या कात्रणाचं नाव नाही, हे खरं. पण कात्रण वाट दाखवते. बातमीत तारीख असते, खात्याचं नाव असतं, ठराव किंवा आदेशाचा उल्लेख असतो. ती तारीख हाती आली की माहितीच्या अधिकारात नेमका कागद मागता येतो. नुसतं 'जुना ठराव द्या' म्हटलं तर 'आढळून येत नाही' हे उत्तर तयारच असतं. माझ्याकडे आलेल्या तिघांचं काम अडलं ते याच एका तारखेपायी.

पेपर आणि कागद जपण्याची रीत

१. फोटो दिवसाच्या उजेडात, सावलीत घ्या. फ्लॅश नको. कागद सपाट ठेवून मोबाइल बरोबर वरून धरा.
२. आधी पूर्ण पानाचा फोटो, मग बातमीचा. पेपरचं नाव आणि तारीख फोटोत आलीच पाहिजे. तारीख नसलेलं कात्रण अर्धं वाया गेलं समजा.
३. स्कॅनर असेल तर ३०० डीपीआयवर स्कॅन करा.
४. फाईलला नाव देताना साल, महिना, दिवस या क्रमानं द्या, मग गाव आणि विषय. उदाहरणार्थ, '१९९८-०८-१५-गावाचं नाव-बोडी'. फाईली आपोआप तारखेनं लागतात.
५. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचंच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, फोटो लहान होत नाही.
६. मूळ कागद फेकू नका. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी करू नका, दोन्हींनी कागद कायमचा खराब होतो. जमिनीपासून वर, कोरड्या जागी, कापडात बांधून ठेवा आणि पावसाळा संपल्यावर एकदा उघडून पाहा. हे मी पेटी गमावून शिकलो.
७. तीन प्रती ठेवा. एक मोबाइल किंवा कॉम्प्युटरवर, एक पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर, एक ऑनलाइन. त्यातली एक दुसऱ्या घरात असावी.

म्हाताऱ्या माणसाचं सांगणं कसं घ्यावं?

मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर मधेच कॉल येतो. पंखा बंद करा. मोबाइल माणसापासून हातभर अंतरावर ठेवा. सुरुवातीला तारीख, गाव, सांगणाऱ्याचं नाव, वय आणि विचारणाऱ्याचं नाव बोलून घ्या.

'तुमच्या काळी कसं होतं?' असं विचारलं तर 'चांगलं होतं बापा' एवढंच उत्तर येतं. नेमकं विचारा. ढोरं कुठं चरायला न्यायचे? मोहफुलं कोणत्या बाजूनं वेचायचे? जंगलातला देव कोणता, त्याची पूजा कोण करायचं? आठवण सनानं येत नाही. तेव्हा 'चिमूरच्या दंग्याच्या वेळी तुम्ही केवढे होते?' असं विचारा. तो १६ ऑगस्ट १९४२ चा, म्हणजे साल आपोआप सापडतं. दुष्काळ, पूर, लग्न, पहिलं पोर यांच्या आधारानंही साल लागतं.

बायांना वेगळं विचारा. पाण्याची, सरपणाची, कंदमुळांची वाट त्यांनाच जास्त माहीत असते आणि पुरुष बसले असले की त्या बोलत नाहीत.

बोली सुधारू नका. झाडी, वऱ्हाडी, गोंडी, माडिया, ज्या भाषेत माणूस बोलतो त्यातच राहू द्या.

वनहक्काच्या कामासाठी नुसतं रेकॉर्डिंग पुरत नाही, कारण नियमात 'लेखी उतरवलेलं' असं आहे. म्हणून ऐकून लिहा, त्यांना वाचून दाखवा, सही किंवा अंगठा घ्या आणि ग्रामसभेच्या नोंदीत लावा. रेकॉर्डिंग सोबत ठेवा. उद्या कोणी म्हणालं की हे तुम्हीच लिहिलं, तर आवाज साक्ष देतो.

काय ऑनलाइन टाकू नये?

परवानगीशिवाय कोणाचाच आवाज किंवा फोटो टाकू नका. वैदूचं औषध, दुर्मीळ वनस्पतीची जागा, जमातीतल्या आतल्या विधी-गोष्टी गावाच्या संग्रहात ठेवा, जगासमोर नको. ग्रामपंचायतीची लोकजैवविविधता नोंदवही असते, त्यात काय आहे तेही एकदा पाहून घ्या. आधार, बँक, जात प्रमाणपत्राचे फोटो टाकायचे नाहीत. ज्या बोलण्यानं कोणाच्या जिवाला किंवा घराला धोका होईल ते नावासकट पसरवू नका. आपल्या भागात हे वेगळं सांगायला नको.

पेपर घरी जपायला कोणाची मनाई नाही. पण साठ वर्षांच्या आतला अंक सगळ्यांसाठी ऑनलाइन टाकायचा असेल तर मालक-संपादकांना विचारा. बंद पडलेल्या पेपरच्या मालकाला आधी फाईली रद्दीत देऊ नका एवढं सांगा. ती विनंती आज करा.

हे कोणी करायचं?

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं जुने पेपर ऑनलाइन टाकले. कॉम्प्युटरनं चुकीची वाचलेली अक्षरं तिथले साधे वाचक घरी बसून दुरुस्त करतात. आपल्याकडंही अकरावी-बारावीची पोरं मोबाइलवर तास घालवतातच. त्यातला रविवारचा एक तास या कामाला दिला तर वर्षभरात गावातले सगळे ऐंशीच्या वरचे लोक ऐकून होतील. जागा म्हणून गावचं वाचनालय, शाळा किंवा ग्रामसभा यांपैकी एक धरा. एक वही करा. कोणता कागद, कोणाकडून आला, कोणत्या फाईलमध्ये आहे, हे वहीत लिहा. मोबाइल बिघडला तरी वही सांगते.

मी माझ्या उरलेल्या कात्रणांचे फोटो काढून झाले. बोडीची बातमी त्यात नव्हती. ज्या म्हाताऱ्यानं तो प्रश्न विचारला होता, तो मागच्या पोळ्याच्या आधी वारला. बोडीच्या कामावर तो स्वतः मजूर होता. बातमी शोधण्याच्या नादात त्याचंच बोलणं घ्यायचं मला सुचलं नाही. तुमच्या घरात असं कोणी असेल, तर बातमी नंतर शोधा. आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा.