पोकू म्हणजे चार

गेल्या दिवाळीत नातीनं पैसे भरून मला कोंडून घेतलं. पुण्यात आता अशा खोल्या निघाल्यात. चार-सहा जण आत शिरायचे, बाहेरून दार लागतं, भिंतीवरचं साठ मिनिटांचं घड्याळ उलटं पळायला लागतं आणि आपण कुलपांचे आकडे हुडकत सुटायचं. वाटेत नातीनं माहिती पुरवली की हा खेळ मूळचा जपानचा, 2007 साली क्योतोमध्ये ताकाओ कातो नावाच्या माणसानं तो सुरू केला. आमच्या खोलीत कुणा इंग्रज साहेबाची कचेरी मांडली होती. टेबलावर एक चिठ्ठी, तिच्यावर इंग्रजी अक्षरांची अर्थ नसलेली ओळ. पोरीनं ती दोन मिनिटांत सोडवली. प्रत्येक अक्षर तीन घरं मागं सरकवायचं, बस्स. रोमचा ज्युलियस सीझर आपली खासगी पत्रं अशीच लिहायचा.

कुलूप उघडलं, पोरांनी आरडाओरडा केला. मी मात्र साहेबाच्या खुर्चीत बसून राहिलो. माझ्या डोक्यात एक शब्द घुमायला लागला होता. पोकू.

आमचं गाव भोंगवली, तालुका भोर. भोर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं भाताची खाचरं आणि न थांबणारा पाऊस येतो. तो भोर पश्चिमेचा. आम्ही तालुक्याच्या पूर्व अंगाचे, ज्वारी-बाजरीवाले, आभाळाकडं बघत बसणारे. भाटघरचं धरण आमच्याच तालुक्यातलं, पण त्याचं पाणी नीरेतून आणि कालव्यांतून खाली बारामती-फलटणकडं जायचं. 72 च्या दुष्काळात कडबा संपला तेव्हा आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बैलजोडी विकायची ठरवली. मी दहा वर्षांचा होतो. सारोळ्याजवळ नीरा ओलांडून पलीकडच्या एका बाजाराला आम्ही पहाटे चालत निघालो. हौशा पुढं, पाखऱ्या मागं, दोघांच्या गळ्यात घुंगूरमाळा तशाच.

बाजारात हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, आला. त्यानं जबडा उघडून दात पाहिले, खांद्यावरून हात फिरवला, जोडी चार पावलं चालवून बघितली. मग दलाल मधे शिरला. त्यानं आपल्या हातावर उपरणं टाकलं आणि आण्णांचा हात त्याखाली ओढून घेतला. पोत्यात उंदीर शिरावा तसं कापड हलत होतं. तोंडानं दोघं पावसापाण्याचं बोलत होते आणि भाव खाली ठरत होता. आण्णांनी मला नंतर ती भाषा शिकवली. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, पंजा म्हणजे पाच, सहा म्हणजे पंजा आणि वर एक बोट. आधी तोंडानं नुसतं म्हणायचं, ‘हे शेकडं,’ मग ‘ही दहं.’ आण्णांच्या हातात तीन बोटं आली, मग दोन, मग पंजा. तीनशे पंचवीस. आण्णांनी मान हलवली.

दलाल तसाच वळला आणि तेच उपरणं हेडीच्या हातावर गेलं. तिथली बोटं आम्हाला दिसणार नव्हतीच. पुन्हा कापड हललं. हात सुटला तेव्हा दलाल पलीकडं उभ्या असलेल्या आपल्या भागीदाराला एकच शब्द बोलला, ‘पोकू.’ भागीदार हसला. आण्णांच्या हातावर तीनशे पंचवीस मोजून ठेवले गेले, त्यातून दलालीही वळती झाली, जोडीवर गुलाल पडला. परतताना मी विचारलं, ‘आण्णा, पोकू म्हंजी काय?’ ते म्हणाले, ‘त्यांची पारशी हाय ती, गुपित बोली. आपल्याला काय करायचं?’ घुंगूरमाळा त्यांनी खांद्यावर टाकल्या होत्या. त्या घरापर्यंत वाजत आल्या.

पुढं मी शिक्षक झालो. एका शाळेच्या कपाटात मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश होता, 1857 च्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण. मोकळ्या तासाला तो चाळायची मला सवय. एके दिवशी ‘नंदभाषा’ ही नोंद समोर आली. बाजारातल्या व्यापाऱ्यांची चोरटी बोली असा अर्थ देऊन खाली आकडेच मांडले होते. केवली म्हणजे एक, आवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच. पुढं शेली, पवित्र, मंगी. रुपयाला भुरका.

पोकू चार. म्हणजे चारशे. वीस वर्षांनी मला जोडीचा भाव कळला. पंच्याहत्तर रुपये कमी, ते दुष्काळात. आण्णांना मी हे सांगितलं नाही.

त्यानंतर मी या गोष्टींच्या मागं लागलो. बोटांची भाषा तर भलतीच जुनी निघाली. ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात हिंदुस्थानात हिरे घेत हिंडला, त्यानं आपल्या प्रवासवर्णनात ती जशीच्या तशी लिहून ठेवली आहे. समोरासमोर मांडी घालून बसलेले दोन व्यापारी, वर कमरेचा शेला, खाली हात. पूर्ण पंजा म्हणजे हजार, एक बोट म्हणजे शंभर, मधल्या पेरापर्यंत अर्धं बोट म्हणजे पन्नास, नुसतं टोक म्हणजे दहा. तोंडातून अवाक्षर नाही. आमच्या बाजारात आणि गोवळकोंड्याच्या हिऱ्यांत फरक एवढाच की आमच्याकडं बोटांच्या जोडीला शब्दांची भाषा होती आणि ती आण्णांना येत नव्हती.

नंदभाषाही तितकीच मुरलेली. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांच्या नावावर या भाषेतला एक अभंग सांगतात. देवाची तोंडं आणि डोळे त्यात मुळू, उधानू असल्या बाजारी आकड्यांनी मोजलेत. उपरण्याखालचा शब्द असा थेट देवापर्यंत गेला. मला ही कल्पना फार आवडते.

सांकेतिक भाषांचा विषय निघाला की आमच्या भागात लोक लगेच राजगड-तोरण्याकडं बोट दाखवतात. बहिर्जी नाईकांची पक्ष्यांच्या आवाजाची भाषा होती, अमुक शीळ म्हणजे तमुक फौज, वगैरे. ऐकायला झकास. कागद मागितला की मात्र सांगणारा चहा मागवतो. बहिर्जी होते, त्यांची हेरगिरीही होती. शिट्ट्यांचा कोश मात्र आपण नंतर रचला. खरी आणि तपासून बघता येणारी विद्या गडावर शोधण्यापेक्षा गोंधळ्यांकडं शोधावी. करपल्लवी त्यांनी जपली. एक गोंधळी दूर उभा राहून हातानं खुणा करतो आणि दुसरा, ज्यानं काही ऐकलेलं नाही तो, तुमचं नाव खणखणीत सांगतो. पोराटोरांना हा चमत्कार वाटतो. आत पक्का हिशेब आहे. वर्णमालेच्या प्रत्येक वर्गाला एक मुद्रा. नागाची फणी, म्हणजे अही, स्वरांसाठी. कमळ क-वर्गाचं, चक्र च-वर्गाचं, धनुष्याचा टणत्कार ट-वर्गाचा, तरू त-वर्गाचा, पल्लव प-वर्गाचा. मुद्रेच्या नावाचं पहिलं अक्षर हीच किल्ली. मग वर्गातलं कितवं अक्षर ते बोटांनी आणि मात्रा चुटकीनं. ‘भोर’ सांगायचं तर पल्लवाची मुद्रा, चार बोटं, ओकाराच्या चुटक्या. नंतर य-वर्गाची मुद्रा आणि दोन बोटं. मी एकदा वर्गात फळ्याला पाठ करून हे शिकवलं. आठवड्यात पोरं परीक्षेत एकमेकांना उत्तरं कळवायला लागली आणि मला तो धडा बंद करावा लागला.

सीझरच्या सरकत्या अक्षरांना आपल्याकडंही जोड आहे. वात्स्यायनानं चौसष्ट कलांत ‘म्लेच्छितविकल्प’ ही गुप्त बोलण्या-लिहिण्याची कला मोजली आणि त्यावरच्या जयमंगला टीकेत मूलदेवाच्या नावानं चालणारी एक रीत दिली आहे. तिच्यात अक्षरं सरकत नाहीत, जोडीजोडीनं जागा बदलतात. च-वर्ग ट-वर्गाशी, त-वर्ग प-वर्गाशी, य शशी, र षशी, ल सशी. या रीतीनं ‘पाटील’चा ‘ताचीस’ होतो. ‘नाम’चा ‘मान’ होतो. आणि भोरच्या ‘भात’ची होते ‘धाप’, यावर आमच्या पश्चिमेकडच्या पाहुण्यांनी मला फार सुनावलं. या रीतीची गंमत अशी की किल्ली एकच. लपवायलाही तीच आणि उघडायलाही तीच. पोरांच्या च-भाषेत तेवढंही नसतं. ‘मला पाणी दे’चं आमच्याकडं ‘चलाम चणीपा चदे’ व्हायचं आणि ती न समजणारा गावात फक्त एकच माणूस होता, नवीन आलेला तलाठी.

महानुभावांनी असाच अक्षरबदल पंथाच्या ग्रंथांसाठी वापरला. सकळ, सुंदरी अशा त्यांच्या सांकेतिक लिप्या होत्या, सकळ लिपी सगळ्यांत जास्त चालली. परक्याच्या हाती पोथी पडली तरी ती त्याला कळू नये हा हेतू. कुलूप इतकं चांगलं बसलं की म्हाइंभटांचं लीळाचरित्र, तेराव्या शतकातलं, मराठी गद्याचा आज आपण पहिला ग्रंथ म्हणतो तो, विसाव्या शतकापर्यंत बाकीच्या मराठी माणसांना ठाऊकच नव्हता. सहाशे वर्षांहून जास्त काळ. पंथाबाहेरच्यांसाठी तो नसल्यातच जमा होता.

पण धर्म आणि राजकारण यांपेक्षा ही विद्या पैशाजवळ जास्त राबली, असं माझं मत होत गेलं. पानिपतची बातमी घ्या. 14 जानेवारी 1761 ला लढाई झाली आणि उत्तरेकडं निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना ती कळली एका सावकारी पत्रातून. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याचा हिशेब नाही, अशा अर्थाचा तो मजकूर. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊ. लष्कराच्या नाशाला सावकारानं आपल्या रोजच्या वहीतले शब्द वापरले, कारण गुपित पाळायची सवय त्या वहीला होती. हुंडीतही रक्कम एकदा लिहून भागत नसे. ‘निमे अडीचशे, त्याचे दुप्पट पाचशे’ असं उलटसुलट लिहायचं, म्हणजे कुणी आकडा खोडला तर दुसरा चुगली करील.

इथं दलालाची बाजूही सांगायला हवी. उपरणं नसतं तर शेजारच्या दावणीवरच्या चार जणांनी तो भाव ऐकला असता आणि हेडीनं एवढा दिला नसता. पडत्या काळात उधारीवर बैल देणाराही तोच दलाल. हे सगळं खरं. तरीही किल्ली नेहमी त्याच्याच कनवटीला राहिली. दोन कुलपं होती. बोटांचं शेतकऱ्याला उघडता यायचं, शब्दाचं नाही. खोलीत कोंडलेला माणूस तोच आणि आपण कोंडले गेलोय हेही त्याला ठाऊक नसायचं. घड्याळ नाही, इशारा नाही.

सरकारला हे कळायला वेळ लागला, पण कळलं. वऱ्हाडात कारंज्याला 1886 साली कापसाचा पहिला नियंत्रित बाजार झाला. 1928 साली शाही शेती आयोगानं आपल्या अहवालात कापडाखालच्या या सौद्यांची तक्रार नोंदवली, की विकणाऱ्याला आपल्याच मालाचा भाव कळत नाही. मुंबई इलाख्याचा बाजार कायदा 1939 चा, महाराष्ट्राचा 1963 चा. त्यात भाव उघड लिलावानं ठरवायचा आहे. म्हणजे 72 साली ते उपरणं कायद्यानं केव्हाच जुनं झालं होतं. जनावरांच्या बाजारात अजूनही कुठं कुठं ते हातावर पडताना मी बघतो.

मे महिन्यात नात आणि तिच्या मैत्रिणी भोंगवलीला आल्या तेव्हा मी माळवदाच्या खोलीत आमचा खेळ मांडला. आण्णांच्या ट्रंकेला तीन आकड्यांचं कुलूप लावलं. दारामागं गोंधळ्याची मुद्रा काढलेला कागद, पाट्याखाली मूलदेवी चिठ्ठी आणि शेवटी उपरण्यावर खडूनं तीन शब्द: उधानू, आवारू, मुळू. मोल्सवर्थचं ते पान कणगीमागं दडवलं होतं. पोरींना पन्नास मिनिटं लागली. ट्रंकेत हौशा-पाखऱ्याच्या घुंगूरमाळा होत्या आणि बाजाराची पावती, तिच्यावर तीनशे पंचवीस.

नातीनं सगळी गोष्ट ऐकली आणि विचारलं, ‘मग कुलूप चारशेवर का नाही लावलं?’ मी म्हणालो, ‘पावतीवर चारशे नाहीत.’

तुमच्या घरी कुणी हेडी, दलाल, कापडवाले, सराफ असतील किंवा होऊन गेले असतील, तर त्यांचे आकडे त्यांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. एका कोशातली यादी माझ्याकडं आहे, पण प्रत्येक बाजाराची पारशी वेगळी असायची आणि ती बोलणारे आता सत्तरीच्या पुढं आहेत. सांगायला ते लाजतील. त्यांना चहा द्या आणि पुन्हा विचारा.