वऱ्हाडचा युवराज आणि शेवटचा खलिफा

यवतमाळ म्हटलं की काय आठवतं? कापूस, मे महिन्यातलं ऊन, बंद पडलेली शकुंतला रेल्वे आणि शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या. ‘खलिफा’ हा शब्द काही कुणाला आठवणार नाही. खलिफा म्हटलं की इस्तंबूल, बगदाद, किंवा अगदी अलीकडचं म्हणजे २०१४ साली मोसुलच्या मशिदीत स्वतःला खलिफा म्हणवणारा अबू बक्र अल-बगदादी.

पण गंमत बघा. १९३६ पासून आपल्या वऱ्हाडला एक युवराज होता. ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा त्याचा अधिकृत किताब. यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलढाणा हे चारही जिल्हे कागदोपत्री त्याच्या बापाचे. आणि हा युवराज कोण, तर तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाचा सख्खा जावई!

ही नुसती क्विझमध्ये विचारायची माहिती नाही. पाश्चात्त्य देशांनी कट्टर इस्लामशी कसं वागावं, हा प्रश्न ११ सप्टेंबर २००१ पासून जगभर चघळला जातोय. उत्तरं साधारण दोनच असतात. एक, ठोकून काढा. दोन, ‘चांगले’ मुसलमान शोधा आणि त्यांना हाताशी धरा. ही दोन्ही उत्तरं इंग्रजांनी फार आधी वापरून बघितली होती, आणि तीसुद्धा वऱ्हाडच्या मालकासोबत. त्याचं काय झालं ते बघण्यासारखं आहे.

थकलेला हप्ता

गोष्ट सुरू होते कर्जापासून. निजामाच्या राज्यात ‘हैदराबाद कंटिन्जंट’ नावाची फौज होती. अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रजांचा आणि पगार मात्र निजामाने द्यायचा. साहजिकच निजाम थकला. १८५३ साली डलहौसीच्या काळात तह झाला आणि या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गाकडचा मुलूख इंग्रजांकडे गेला. १८६० मध्ये रायचूर आणि नळदुर्ग परत दिले. वऱ्हाड नाही दिलं. का, ते यवतमाळच्या काळ्या मातीकडे बघितलं की कळतं. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता. शेवटी १९०२ साली कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने घेऊन टाकलं. यवतमाळ तेव्हा ‘वणी’ जिल्ह्यात मोडायचं. १९०५ मध्ये जिल्ह्याला यवतमाळचं नाव मिळालं.

याच काळात हैदराबादेत धर्माच्या नावाने काय चाललं होतं? १८३९ साली निजामाचा भाऊ मुबारिजुद्दौला याला ‘वहाबी कटा’च्या आरोपावरून पकडून गोवळकोंड्याला ठेवलं, आणि तो तिथेच मेला. १७ जुलै १८५७ ला तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी जमाव घेऊन इंग्रज रेसिडेन्सीवर हल्ला केला. पुढे एक मौलवी होता, भाषा जिहादची होती. पण जमावाची मागणी काय होती, तर पकडलेल्या शिपायांना सोडा! शिवाय राज्याचा सगळ्यात सुपीक तुकडा गहाण पडून तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. म्हणजे भाषा धर्माची असली तरी मागणी चांगली मोजता येण्यासारखी होती.

इंग्रजांनी त्यातली भाषा ऐकली. १८७१ मध्ये विल्यम हंटरने हिंदुस्थानी मुसलमानांवर एक पुस्तक लिहिलं. त्याचा मुख्य प्रश्न असा, की राणीविरुद्ध बंड करणं हे मुसलमानांचं धार्मिक कर्तव्यच आहे का? सर सय्यद अहमद खान यांनी त्याला उत्तरही दिलं. पण प्रश्न एकदा असा विचारला की मग पुढची सगळी धोरणं धर्मग्रंथाभोवती फिरायला लागतात. २००१ नंतर अमेरिकेत ‘इस्लाममध्येच काही आहे का’ या विषयावर पुस्तकांचा जो पूर आला, तो बघून हंटरसाहेबांना फार घरच्यासारखं वाटलं असतं.

आमचा मुसलमान, तुमचा मुसलमान

मग आलं पहिलं महायुद्ध. नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरला आणि खलिफाच्या नावाने जिहाद पुकारला गेला. जर्मनांना त्यातून फार आशा होत्या. इंग्रजांच्या फौजेत तर हजारो मुसलमान शिपाई. आता काय करायचं?

इंग्रजांनी धर्माला धर्मानेच उत्तर दिलं. निजाम मीर उस्मान अली खान यांनी जाहीरनामा काढला, की मुसलमानांनी ब्रिटिशांशी इमान राखावं. देशातल्या सगळ्यात मोठ्या मुस्लिम संस्थानिकाचा शब्द! युद्धासाठी पैसाही भरपूर दिला. बदल्यात १९१८ मध्ये त्यांना ‘हिज एक्झाल्टेड हायनेस’ आणि ‘ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त’ हे किताब मिळाले. तिकडे अरबस्तानात मक्केच्या शरीफ हुसेनला खलिफाविरुद्ध उभं केलं.

क्विक फिक्स म्हणून हे उत्तम होतं. प्रॉडक्शन वाचलं. पण अशा पॅचमुळे पुढे काय काय मोडतं, ते आपल्या धंद्यातल्या माणसांना वेगळं सांगायला नको. मुसलमानांचा आवाज एका गादीवरून, एका फर्मानातून येतो, हे इंग्रजांनी स्वतःच मान्य करून टाकलं होतं. मग युद्ध संपल्यावर तुर्कस्तानचे लचके तोडायला लागल्यावर खिलाफत चळवळ उभी राहिली, तेव्हा ‘हा धर्माचा प्रश्न नाही, राजकारणाचा आहे’ असं त्यांनी कुठल्या तोंडाने म्हणायचं?

शेवटी खिलाफत बुडवली कुणी? लंडनने नाही. ३ मार्च १९२४ ला अंकाराच्या तुर्की संसदेने. म्हणजे मुसलमानांनीच. त्याआधी आगाखान आणि अमीर अली या दोन मान्यवरांनी लंडनहून ‘खलिफाचा मान राखा’ असं पत्र तुर्की सरकारला पाठवलं होतं. ते तिथल्या वर्तमानपत्रांत आलं, परकीयांची ढवळाढवळ म्हणून लोक खवळले, आणि खलिफाचं उरलंसुरलं बळही गेलं. बाहेरून टेकू दिला की आतला माणूस पडतो, तो असा.

नीसमधलं लग्न

खलिफा अब्दुल मजीद दुसरा परागंदा होऊन फ्रान्समध्ये नीसला राहिला. खर्चाला पैसे निजामाकडून. शौकत अलींच्या मध्यस्थीने नोव्हेंबर १९३१ मध्ये नीसलाच लग्न लागलं. वर निजामाचा थोरला मुलगा आझम जाह, वधू खलिफाची एकुलती मुलगी दुर्रेशेहवार.

आता इंग्रजांच्या पोटात गोळा आला. जगातला सगळ्यात श्रीमंत समजला जाणारा मुसलमान राजा आणि खलिफाचं रक्त एकत्र आलं, उद्या याचा नातू खलिफा म्हणून उभा राहिला तर? ज्या निजामाच्या धार्मिक वजनाचा १९१४ साली उपयोग झाला, तेच वजन आता डोकेदुखी ठरत होतं.

निजामाला मात्र हवं होतं वऱ्हाड. १९२६ मध्ये व्हाइसरॉय रीडिंगने त्याला पत्राने साफ सुनावलं होतं, की सार्वभौम सत्ता आमची, तुम्ही बरोबरीने वाद घालू शकत नाही. दहा वर्षांनी, १९३६ च्या करारात, इंग्रजांनी मधला मार्ग काढला. कारभार मध्य प्रांताबरोबरच राहील, पण वऱ्हाडवर सार्वभौमत्व निजामाचं मानायचं, त्याचा झेंडा लावायचा, आणि त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणायचं. अशा रीतीने आमच्या कापूसवाल्यांना खलिफाचा जावई युवराज म्हणून मिळाला. मूळ मागणी न सोडवता किताब देऊन वेळ मारून नेण्याचा याहून सुंदर नमुना मिळणं कठीण.

या ८०-८५ वर्षांच्या सगळ्या देवघेवीत एका माणसाला कुणीच काही विचारलं नाही. वणी-पुसद-दारव्ह्याच्या माणसाला. त्याला कुणाचं राज्य हवं? तह झाले, भाडेपट्टे झाले, झेंडे लागले. तो आपला कापूस वेचत राहिला.

पैनगंगेचे दोन तीर

आणि इथेच माझ्या मते खरा मुद्दा आहे. यवतमाळ जिल्ह्याची दक्षिण हद्द म्हणजे पैनगंगा. अलीकडे उमरखेड, पुसद. पलीकडे हदगाव, किनवट, माहूर, म्हणजे निजामाचं थेट राज्य. १९३६ नंतर कागदावर दोन्ही तीर निजामाचेच! भाषा तीच, जाती त्याच, हिंदू-मुसलमान तसेच शेजारी, सोयरीकसुद्धा नदी ओलांडून.

पण अलीकडे, मर्यादित का होईना, मतदान होतं. १९३७ ला निवडणुका झाल्या, काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं. यवतमाळचे बापूजी अणे १९३० साली पुसदला जंगल सत्याग्रह करून तुरुंगात जाऊ शकत होते आणि १९४१ ला व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातही बसू शकत होते. पलीकडे १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस धड जन्मायच्या आत तिच्यावर बंदी आली. सभा नाही, मत नाही. जी संघटना वाढू दिली ती मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन. १९४६ ला तिचा अध्यक्ष झाला लातूरचा वकील कासिम रझवी, आणि मग रझाकार.

१९४७-४८ मध्ये जीव मुठीत घेऊन लोक पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात आले. उमरखेडला स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांचा सरहद्दीवरचा कॅम्प होता. एक नदी, दोन तीर, आणि एवढा फरक! धर्म दोन्हीकडे सारखाच होता. फरक होता तो राजकारणाला वाट असण्या-नसण्याचा. ब्रिटिशांनी ‘विश्वासू दोस्ता’ला त्याच्या घरात काय करायचं ते करू दिलं, कारण त्यांना हवा होता दोस्त. त्याची प्रजा कशी आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

आणखी एक नाव इथे घ्यायलाच हवं. शोएबुल्ला खान. हैदराबादच्या ‘इमरोज’ या उर्दू पत्राचा तरुण संपादक. संस्थानाने भारतात सामील व्हावं असं तो उघड लिहायचा, रझाकारांवर टीका करायचा. ऑगस्ट १९४८ मध्ये त्याला रस्त्यात गाठून ठार मारलं. कट्टरतेविरुद्धचा खरा ‘चांगला मुसलमान’ हा होता. पण त्याला कुणी किताब दिला नव्हता, संरक्षणही दिलं नव्हतं. परराष्ट्र धोरण वाल्यांची नजर कायम गादीकडे नाहीतर मोठ्या पगडीकडे. छापखान्यात बसलेला माणूस त्यांना दिसतच नाही.

बंदूक कुठे थांबते

म्हणजे बळ वापरूच नये का? तसंही नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबादेत शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने हात टेकले. रझवीवर खटला चालला, शिक्षा झाली, १९५७ ला सुटून तो पाकिस्तानात गेला. सशस्त्र टोळीला टोळीसारखं आणि गुन्हेगाराला गुन्हेगारासारखं वागवलं. इथवर ठीक.

पण त्याच आठवड्यांत मराठवाड्यात आणि आसपास निरपराध मुसलमानांचं शिरकाण झालं. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ हजार ते ४० हजार दिला, आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड हे सर्वात जास्त झळ बसलेले जिल्हे सांगितले. यातलं नांदेड म्हणजे आपल्या पैनगंगेचा पलीकडचा तीर. तो अहवाल कित्येक वर्षं दाबून ठेवला गेला. रझाकार म्हणजे मुसलमान आणि मुसलमान म्हणजे रझाकार, असं समीकरण एकदा झालं की फौज पाच दिवसांत जिंकते आणि जखम पिढ्यान् पिढ्या राहते. आपण मराठी माणसं रझाकारांबद्दल भरभरून बोलतो, याबद्दल गप्प बसतो. पाश्चात्त्यांना शहाणपण शिकवताना हे विसरून चालणार नाही.

आता यवतमाळवरून थेट काबूलला जाऊ. १९८० च्या दशकात अमेरिकेने रशियाविरुद्ध मुजाहिदीनांना पैसा आणि शस्त्रं पुरवली, पण वाटप सोपवलं पाकिस्तानच्या झियांच्या लष्कराकडे. सगळ्यात मोठा वाटा गेला गुलबुद्दीन हेकमतयारसारख्या कट्टराकडे. अफगाण माणसाला कुणी विचारलं नाही. २००३ मध्ये इराक घेतला आणि तिथलं सैन्य एका हुकमाने बरखास्त केलं. त्यातले काही अधिकारी पुढे त्या मोसुलच्या खलिफाच्या चाकरीत दिसले. २० वर्षं आणि अब्जावधी डॉलर खर्चून ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल परत तालिबानच्या हातात गेलं. चुका नवीन नाहीत. फक्त आकडे मोठे झाले.

तेव्हा वॉशिंग्टन-लंडनवाल्यांना वऱ्हाडातून सांगण्यासारखं काही असेल तर एवढंच. जमीन, पैसा, सत्ता यांचं भांडण असेल तर ते जमीन, पैसा, सत्ता म्हणूनच सोडवा, त्याला धर्माचा झगा चढवू नका. जो हत्यार उचलतो त्याला पकडा, पण त्याच्या सगळ्या गणगोताला नाही. इस्लामचा अर्थ कोणता खरा, हे ठरवणं तुमचं काम नाही, ते तुर्कांनी १९२४ ला स्वतः ठरवलं तसं त्यांचं ते ठरवतील. आणि ‘आमचा मुसलमान’ म्हणून कुणाला गादीवर बसवण्याआधी, त्याच्या राज्यात एखादा शोएबुल्ला खान जिवंत राहू शकतो का, तेवढं तपासा. तो जगत असेल तर तुमची फारशी गरज नाही. तो मारला जात असेल, तर तुमचा दोस्त तुमचा प्रश्न सोडवत नाहीये, वाढवतोय.

जाता जाता: वऱ्हाडची ती युवराज्ञी दुर्रेशेहवार २००६ साली लंडनमध्ये वारली. नीस, हैदराबाद, लंडन. खलिफाच्या लेकीला अखेर आसरा मिळाला तो तिच्या बापाच्या राज्याचे तुकडे करणाऱ्यांच्याच राजधानीत. इतिहासाला विनोदबुद्धी आहे, पण ती जरा काळ्या मातीची आहे.