‘निघाले’ म्हणजे नक्की कधी निघाले?

प्रवासवर्णनं किंवा मोहिमांच्या डायऱ्या वाचायला घेतल्या की आपण सगळेच एक तक्ता करतो. कोण, कुठून, कुठे, आणि निघाल्याची तारीख. पहिल्या तीन रकान्यांत थोडीफार शोधाशोध होते. चौथा मात्र चुटकीसरशी भरतो. इंग्रजी डायरीत ‘सेट आउट’ दिसलं, की शेजारची तारीख उचलायची आणि पुढे जायचं. मीही बरेच दिवस असंच करत होते. आज या चौथ्या रकान्याबद्दल थोडं बोलूया, कारण तिथली चूक पुढे प्रबंधात कुठे जाऊन बसेल याचा नेम नसतो.

एक उदाहरण घ्या. 1803 मध्ये अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियानाचा प्रचंड प्रदेश विकत घेतला. अध्यक्ष जेफरसन यांनी मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांना मिसुरी नदीने वर जाऊन पॅसिफिक महासागरापर्यंतची वाट शोधायला पाठवलं. ही मोहीम सुरू कधी झाली? सोपा प्रश्न वाटतो ना?

लुईस पिट्सबर्गहून मोठी होडी घेऊन निघाला ती तारीख 31 ऑगस्ट 1803. मग हिवाळाभर मुक्काम पडला, मिसिसिपीच्या काठी, मिसुरीच्या मुखासमोर. तिथून 14 मे 1804 ला दुपारी चार वाजता क्लार्क माणसं आणि होड्या घेऊन निघाला. डायरीत क्रियापद आहे ‘सेट आउट’. पण त्या दिवशी ते गेले किती? चार मैल! पहिल्याच बेटाशी तळ पडला. आणि लुईस तर बरोबर नव्हताच, तो सेंट लुईसमध्ये उरलेली कामं उरकत होता. दोन दिवसांनी मंडळी सेंट चार्ल्स गावी पोचली आणि तिथे थांबली. लुईस 20 मे ला जमिनीवरून येऊन मिळाला. 21 मे ला दुपारी सगळे एकत्र निघाले, तर पुन्हा ‘सेट आउट’, आणि पुन्हा जेमतेम तीन-साडेतीन मैल.

आता तक्त्यात कुठली तारीख घालाल? मोहीम 23 सप्टेंबर 1806 ला सेंट लुईसला परतली. 14 मे 1804 धरलात तर कालावधी दोन वर्षं चार महिने होतो. पिट्सबर्गपासून मोजलात तर तीन वर्षांहून जास्त. मोहिमेचा खर्च किंवा माणसांचे पगार यावर कुणी काम करत असेल, तर हा फरक किरकोळ नाही.

त्या चार मैलांना आळस समजू नका. सामान नीट लादलंय का, हे होडी पाण्यात चालल्याशिवाय कळत नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांची मोठी होडी पाण्यातल्या ओंडक्यांवर तीनदा आदळली. या नदीत जड माल होडीच्या पुढच्या भागात हवा, हे तेव्हा लक्षात आलं, आणि सेंट चार्ल्सच्या मुक्कामात सामानाची मांडणी बदलली गेली. म्हणजे पहिला टप्पा छोटा असणं त्यांच्या फायद्याचंच ठरलं.

आपल्याला हे खरं तर परकं वाटायला नको. ‘प्रस्थान ठेवणे’ हा वाक्प्रयोग आठवा. मुहूर्त आज आहे पण जाणं चार दिवसांनी, अशा वेळी प्रवासातली एखादी वस्तू मुहूर्तावर दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. वस्तू गेली म्हणजे माणूस निघाला, असं धरायचं. आळंदीत माउलींच्या पालखीचं प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला होतं, पण पहिला मुक्काम आळंदीतच, आजोळघरी. पुण्याची वाट धरायची ती दुसऱ्या दिवशी. ‘पालखी अष्टमीला निघाली’ हे खरं आणि ‘अष्टमीला पालखी आळंदीतच होती’ हेही खरं. गंमत बघा, संस्कृत ‘स्था’ म्हणजे उभं राहणं. ‘प्र’ लागला आणि उभं राहण्याचं निघणं झालं. इंग्रजी ‘सेट’ म्हणजे ठेवणं, बसवणं. ‘आउट’ लागला आणि ठेवण्याचं निघणं झालं. दोन्हीकडे अर्थ फिरवला तो छोट्या शब्दाने.

फरक एवढाच, की संस्कृतात तो छोटा शब्द धातूच्या आधी चिकटतो आणि आजच्या इंग्रजीत क्रियापदाच्या मागून येतो. जुन्या इंग्रजीत तोही बऱ्याचदा पुढेच चिकटायचा. अँग्लो-सॅक्सन इतिवृत्तात राजे ‘फोर्थ-फेरन’ करतात, शब्दशः ‘पुढे जातात’, आणि तिथे त्याचा अर्थ मरण पावतात असा असतो. आपण ‘आजोबा गेले’ म्हणतो, तसंच.

अशा क्रियापदांना ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव रुळलं ते विसाव्या शतकात, पण त्यांचा त्रास जुना आहे. सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत ही क्रियापदं परकीयांना सगळ्यात जड जातात असं कबूल केलंय आणि नमुन्यादाखल काहींची यादीही दिलीय. त्या यादीत ‘सेट आउट’चा अर्थ प्रवासाला लागणे असा आहे. आणि ‘सेट ऑफ’चा? सजवणे, शोभा आणणे! आज शाळेत दोन्ही ‘निघणे’ म्हणून एकाच ओळीत शिकवतात. अठराव्या शतकातलं पत्र वाचताना हे शालेय ज्ञान जसंच्या तसं वापरलंत, तर फसाल.

क्रियापद नीट कळलं तरी तारीख फसवू शकते. 1768 मध्ये कॅप्टन कुकचं ‘एन्डेव्हर’ जहाज प्लिमथहून समुद्रात शिरलं. जहाजावरच्या जोसेफ बँक्स या निसर्ग-अभ्यासकाच्या डायरीत तारीख आहे 25 ऑगस्ट. कुकच्या नोंदीत 26 ऑगस्ट, दुपारी दोन. दोघं एकाच जहाजावर, चुकलं कुणीच नाही. बँक्स जमिनीवरची तारीख लिहीत होता. कुक जहाजी दिवस मोजत होता, जो दुपारी बारापासून दुसऱ्या दुपारी बारापर्यंत चालायचा आणि नेहमीच्या तारखेच्या अर्धा दिवस पुढे असायचा. म्हणून 25 तारखेची दुपार त्याच्या वहीत 26 मध्ये पडली. ब्रिटिश नौदलाने ही पद्धत 1805 मध्ये सोडली. त्याआधीच्या जहाजी नोंदी वाचताना दुपारनंतरच्या प्रत्येक घटनेची तारीख तपासावीच लागते.

मग करायचं काय? ‘निघाल्याची तारीख’ हा एक रकाना मोडून तीन करा: मूळ क्रियापद जसंच्या तसं, लिहिणारा त्या क्षणी कुठे होता, आणि त्या रात्री मुक्काम कुठे पडला. क्रियापदाचा अर्थ आजच्या कोशात बघून थांबू नका. त्या काळचा कोश उघडा, किंवा ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात तारीखवार दिलेली उदाहरणं बघा. शिवाय त्याच लेखकाने तो शब्द इतरत्र कसा वापरलाय तेही पाहा. क्लार्कच्या डायरीत ‘सेट आउट’ रोज सकाळी येतं, कारण त्याच्यासाठी तो तळ हलवण्याचा शब्द होता. मोहिमेचा आरंभ त्यातल्या कुठल्या दिवशी धरायचा, हे त्याने आपल्यासाठी ठरवून ठेवलेलं नाही. ते तुम्हालाच ठरवावं लागेल, आणि तीच तारीख का धरली हे दोन वाक्यांत लिहावंही लागेल. तोंडी परीक्षेत प्रश्न आला, तर ही दोन वाक्यं कामी येतील.