दिनविशेष : २६ जुलै

२६ जुलै म्हटलं की दोन गोष्टी चटकन आठवतात. १९९९ चा कारगिल विजय, आणि २००५ चा मुंबईतला प्रलय. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. आम्ही आज बोलणार आहोत ते याच तारखेच्या एका कागदाबद्दल.

२६ जुलै १९०२. शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेत होते. इकडे करवीर सरकारच्या गॅझेटात त्यांचा हुकूम छापून आला : यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतून भरायच्या. मागासलेले कोण? तर ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सगळे.

हा हुकूम का काढावा लागला? १८९४ साली महाराज गादीवर आले तेव्हा दरबारच्या सामान्य प्रशासनात ७१ अधिकारी होते. त्यांतले ६० ब्राह्मण. म्हणजे राजा बदलला, पण राज्य चालवणारे हात तेच होते.

आता आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. ‘न्याय’ या शब्दावर आम्ही वर्गात तास न् तास बोललो आहोत. पण या हुकुमातलं आम्हाला सर्वांत मोलाचं वाटतं ते शेवटचं, रुक्ष कलम : प्रत्येक खातेप्रमुखानं नव्या नेमणुकांचा अहवाल दर तीन महिन्यांनी सादर करावा. म्हणजे नुसती इच्छा सांगून महाराज थांबले नाहीत, त्यांनी हिशेब मागितला. हिशेब मागितला की सबबी कमी होतात.

परिणाम बघा. १९२२ साली, महाराज गेले त्या वर्षी, त्याच प्रशासनात ९५ अधिकारी होते आणि त्यांत ब्राह्मण ३६. वीस वर्षं लागली, पण चित्र पालटलं. हे नुसत्या नोकरीच्या हुकुमानं झालं असं मात्र समजू नका. १९०१ पासून वसतिगृहं उभी राहत होती, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. जागा राखायची, तर त्या जागेवर बसणारा माणूसही घडवावा लागतो.

२६ जूनला, महाराजांच्या जयंतीला, आपण दसरा चौकातल्या पुतळ्याला हार घालतो. जरूर घालावा. पण बरोबर एका महिन्यानं ही तारीख येते, ती हार मागत नाही. ती विचारते, यंदाचा अहवाल कुठं आहे? आमच्या मते, याचं उत्तर देणं हीच महाराजांना खरी आदरांजली.