वाळू चाळणारा मासा

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाचा इतिहास सांगणारे बहुधा कांचेपासून आरंभ करितात. इंग्लंडांत १८४५ सालीं कांचेवरील कर उठला, कांच स्वस्त झाली, आणि समुद्र दिवाणखान्यांत येऊन बसला, असें ते सांगतात. हें खोटें नाहीं. परंतु कांच हा या इतिहासाचा सोपा भाग होय. कठीण भाग तळाशीं आहे. उरलेलें खाद्य, विष्ठा, मेलेलें शेवाळ हें सारें वाळूवर येऊन बसतें. समुद्रांत लाटा, भरती-ओहोटी आणि असंख्य जीव मिळून जें काम अहोरात्र करितात, तें चार कांचांच्या आंत कोणीं करावयाचें, हा प्रश्न या शौकापुढें पहिल्या दिवसापासून उभा आहे.

पहिलें उत्तर अगदीं घरगुती होतें. ॲना थिन या इंग्रज बाईंनीं १८४६ सालीं टॉर्कीच्या किनाऱ्यावरून कांहीं पोवळीं जिवंत लंडनला नेलीं. शहरांत समुद्राचें पाणी वरचेवर मिळण्यासारखें नव्हतें. तेव्हां तेंच पाणी उघड्या खिडकीशीं एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत अर्धा-पाऊण तास ओतीत राहावयाचें, म्हणजे त्यांत हवा मिसळे. हें काम घरांतील एक लहान मोलकरीण करी. ती तें हौसेनें करी, असें बाईंनीं मागाहून लिहिलें आहे. मुलीचें म्हणणें मात्र कोणीं टिपून ठेविलें नाहीं.

दुसरें उत्तर रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाचें, आणि तें अधिक महत्त्वाचें. त्यानें गोड्या पाण्याच्या भांड्यांत दोन लहान सोनेरी मासे आणि एक पाणवनस्पती ठेविली. वनस्पतीनें प्राणवायू द्यावा, माशांनीं तो घ्यावा, असा त्याचा हिशेब. परंतु वनस्पतीचीं जुनीं पानें कुजूं लागलीं, पाणी गढूळ झालें आणि हिशेब चुकला. तेव्हां त्यानें त्यांत पांच-सहा गोगलगाई सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें फस्त केलीं आणि पाणी निवळलें. १८५० सालीं केमिकल सोसायटीपुढें त्यानें ही हकीकत मांडिली, व पुढें समुद्राच्या पाण्यावरहि तसेच प्रयोग केले. घाण हेंच ज्याचें अन्न, असा जीव पेटींत ठेवावा, ही कल्पना तेव्हांपासून या शौकांत रुजली.

पुढील इतिहास धांवत सांगतां येईल. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें. १८५४ सालीं फिलिप हेन्री गॉस याचें पुस्तक निघालें, आणि घरोघरीं पेट्या दिसूं लागल्या. बहुतेकांच्या पेट्या थोड्याच दिवसांत नासल्या. ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांनीं यंत्राचा आश्रय केला. विल्यम ॲल्फर्ड लॉइड यानें १८७१ मध्यें क्रिस्टल पॅलेसच्या मत्स्यालयांत अंधाऱ्या हौदांत पाण्याचा मोठा सांठा ठेवून तें पाणी पंपानें अखंड फिरतें ठेविलें.

वाळू स्वतः काय करिते हें मात्र मत्स्यालयवाल्यांस ठाऊक नव्हतें. तें कळलें तें सांडपाण्याच्या अभ्यासांतून. श्लोझिंग आणि म्युंत्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं १८७७ सालीं वाळू भरलेल्या नळींतून सांडपाणी झिरपूं दिलें, तेव्हां कांहीं दिवसांनीं त्यांतील अमोनियाचें नायट्रेट होऊं लागलें. क्लोरोफॉर्म सोडतांच तें थांबलें. अर्थात् काम वाळूचें नसून तिच्यांतील सूक्ष्म जंतूंचें होतें. शंभर वर्षांनंतर, १९८० च्या सुमारास, मोनाको येथें जॉं जोबेर यानें याच सूत्राचा दुसरा पदर उलगडला. वाळूचा जाड थर ठेवला म्हणजे खालच्या भागांत प्राणवायू उरत नाहीं, आणि तेथील निराळे जंतू नायट्रेटचा नायट्रोजन वायु करून सोडतात. मग वाळू ही केवळ शोभेची वस्तु न राहतां पेटीचें एक इंद्रियच झाली. तिच्यांत किडे, बारीक कवचधारी जीव नांदावेत, म्हणजे थर घट्ट बसत नाहीं, हेंहि लोकांस पटलें.

येथेंच आमच्या माशाचा प्रवेश होतो. व्हॅलेन्सिएनिया या वंशांतील गोबी मासे हे आमच्या खाड्यांतील निवट्यांचे दूरचे भाईबंद. यांतील सोनेरी डोक्याच्या जातीचें वर्णन ब्रूसोने यानें १७८२ मध्येंच केलें होतें. वंशाचें नांव बटेव्हियांत राहणाऱ्या ब्लेकर नांवाच्या डच लष्करी डॉक्टरानें १८५६ मध्यें ठेविलें. हा मासा तोंडभर वाळू उचलतो, कल्ल्यांच्या आंतील कंगव्यासारख्या दांत्यांतून चाळतो, खाण्याजोगें तें ठेवून घेतो आणि बाकीची वाळू कल्ल्यांवाटे झडूं देतो. दिवसभर त्याचा हाच उद्योग. चार दिवसांत काळपट, शेवाळलेली वाळू बगळ्याच्या पिसासारखी पांढरी होते. असा चाकर कोणाला नको असेल? दुकानदारहि त्याला सफाई करणारा म्हणूनच विकतो.

परंतु वॉरिंग्टनची गोगलगाय आणि हा गोबी यांना एका माळेंत ओवणें ही मोठी चूक आहे. गोगलगाय घाण खात होती. गोबी घाण खात नाहीं. तो वाळूंतील किडे आणि बारीक कवचधारी जीव खातो, आणि घाण केवळ पाण्यांत उधळून देतो, जी पुढें यंत्रानें गाळावी लागते. ज्या जिवांच्या जोरावर वाळूचा थर सजीव राहतो त्यांचाच तो फन्ना उडवितो. लहान पेटींत हें भांडार थोड्या आठवड्यांत संपतें. मग मासा पूर्वीप्रमाणेंच दिवसभर वाळू चाळीत राहतो, धनी ती पांढरी शुभ्र पाहून खूष होतो, आणि माशाचें पोट खपाटीस जातें. उपासानें मेलेल्या या माशांची गणती कोणीं केलेली नाहीं. परंतु ज्याला स्वच्छता म्हणावयाचें तीच येथें दुष्काळाची खूण असते, हें नव्या शौकिनाच्या ध्यानांत फार उशिरा येतें.

याचा अर्थ हा मासा पाळूंच नये असा नव्हे. जाणते लोक पेटी कांहीं महिने जुनी होऊन वाळूंत जीवसृष्टि मुरल्यावरच तो आणितात, शक्य तर जोडीनें, कारण समुद्रांतहि हे जोडीनेंच बिळांत राहतात. आणि मग त्याला पाहुण्यासारखें दिवसांतून दोन-तीन वेळां तळाशीं खाद्य घालतात. वाळू स्वच्छ ठेवणें एवढाच ज्यांचा हेतु, ते पुष्कळदां मासा आणण्याच्या भरीस पडत नाहींत. एक रबरी नळी घेऊन आठवड्यांतून एकदां वरचा गाळ ते आपल्या हातानेंच ओढून काढितात.